माझ्या पोटात काड्या घालू नका

मी एक जुना टोस्टर आहे आणि मी रागावलेलो आहे. मित्रांनो, टोस्टरने रागावू नये असा काही नियम नाही, म्हणून निमूट ऐकून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एका बाईने माझ्या पोटातल्या तारा तपासल्या, दांडी खाली-वर करून पाहिली आणि मान डोलावली. त्यानंतर बरीच वर्षं माझ्याकडे बघून कोणी मान डोलावली नाही. माझ्या बुडावर एक सूचना ठळक अक्षरांत छापलेली होती. पण टोस्टरचं बूड बघतो कोण?

मिरान आणि चांगमिन यांच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो आणि कोरियातल्या गुन्सान शहरात त्यांच्या फ्लॅटमध्ये भाताच्या कुकरशेजारी बसलो. ते दिवस बरे होते. सकाळी दोघंही घाईत असायची. मी पाव खरपूस करून द्यायचो, त्यात कोबी घातलेलं ऑम्लेट जायचं, वर साखर भुरभुरायची, आणि खात खातच दोघं लिफ्टकडे पळायची. कुकर तर दिवसभर नुसता फुसफुसत असतो, तरी घरात त्याला मान. असो, तो राग वेगळा.

मग त्यांना मुलगी झाली, बोमी. तिला सांभाळायला चांगमिनची आई, ओकबुन आजी, गावाहून आली आणि माझे दिवस फिरले.

"पाव खाल्ला म्हणजे काय जेवण झालं?" आजी म्हणायची. "पोटाला भात लागतो. हे असलं वाळकं खाऊन पोरगी काडीसारखी राहील."

मी गरम असतानाच ती माझ्यावर क्रोशाचं झाकण घालायची. झाकण करपायचं, वास सुटायचा, आणि वर तीच म्हणायची, "या यंत्राला वास मारतो." माझ्या बुडाशी एक ट्रे आहे. पावाचा चुरा त्यात साठतो. तो कधी कोणी ओढून झटकला नाही. चुरा जळला की धूर माझा, आणि बोलणीही मलाच.

एवढंही मी गिळलं असतं. पण एका सकाळी आजीला तोक भाजून खायची लहर आली. तोक म्हणजे तांदळाची चिवट कांडी. निखाऱ्यावर भाजावी, मधात बुडवावी. आता फ्लॅटमध्ये निखारे कुठले? तिने कांडी उभी चिरली आणि दोन्ही फाका माझ्या फटींत कोंबल्या. अहो, मी पावासाठी बनलोय. ती कांडी तापून फुगली आणि माझ्या तारांना चिकटून बसली. दांडी वर आली, कांडी काही आली नाही.

मग आजीने काय केलं असेल? जेवायच्या काड्या उचलल्या. स्टीलच्या. या घरात मासा सोलायचा त्या काड्यांनी, आंबवलेल्या कोबीची किमची उचलायची त्या काड्यांनी, नूडल्स ओढायच्या त्याच काड्यांनी. त्यांनीच आजीने माझी आतडी उकरायला घेतली.

"आई, आधी प्लग काढा," मिरान ओरडली.

"दांडी वर आलीय ना? बंदच आहे तो."

"बंद दिसतो, पण वीज आत असू शकते."

"या काड्यांनी मी तुझ्या नवऱ्याला वाढवलाय. मला काड्या धरायला शिकवू नकोस."

मित्रांनो, मिरान बरोबर होती. तारा विझल्या म्हणजे वीज गेली असं तुम्हाला वाटतं. प्लग भिंतीत आहे तोवर तिचा काही भरवसा नाही. स्टील लागलं की ती थेट हातात येऊ शकते. त्या दिवशी आजी वाचली ते निव्वळ नशीब. पण तिला वाटलं, ती हुशारी.

आणि हे सगळं बोमी बघत होती.

बोमी नुकतीच शाळेत जायला लागली होती. तोवर ती बोटं अडकवायच्या कड्या असलेल्या प्लास्टिकच्या काड्यांनी जेवायची. त्याच आठवड्यात आजीने तिला पहिल्या स्टीलच्या काड्या दिल्या होत्या, टोकाला फूल कोरलेल्या. "आता तू मोठी झालीस," आजी म्हणाली होती. पोरगी त्या काड्या उशाशी घेऊन झोपायची.

दुसऱ्याच दिवशी आजी बाल्कनीत किमचीच्या फ्रिजपाशी गेली असताना बोमीने माझ्यात पाव घातला. कालच्या तोकचे तुकडे आत चिकटलेलेच होते, त्यांत पाव अडकला. बोमीने स्टूल ओढलं, वर चढली आणि फुलाच्या काड्या घेऊन माझ्यावर वाकली. माझ्या तारा लाल होत्या. मला हात नाहीत, तोंड नाही. त्या तोकचा धूर तेवढा निघत होता. मी म्हटलं, जळ बाबा, आणखी जळ.

धुराचा वास आजीपर्यंत पोचला. ती आत आली तेव्हा काड्यांची टोकं माझ्या फटीत शिरत होती. ती ओरडली नाही, पोरीला शिवलीही नाही. तिने माझी वायर धरून हिसका दिला आणि प्लग भिंतीतून उपटला. मग खाली फरशीवर बसली.

"कोणी शिकवलं तुला हे?"

"तूच तर," बोमी म्हणाली. "काल."

संध्याकाळी चांगमिनला कळलं आणि त्याने निकाल लावला. टोस्टर धोक्याचा! मला काखोटीला मारून तो खाली, जुनी यंत्रं टाकायच्या पेटीपाशी घेऊन गेला. रखवालदाराने विचारलं, "चालतो का?"

"चालतो, पण माझ्या पोरीचा जीव घेत होता."

मी! इतकी वर्षं त्यांचे पाव खरपूस करणारा मी! संतापाने माझ्या तारा विजेशिवाय तापल्या असत्या.

तेवढ्यात घरातल्या सपाता घालूनच आजी खाली आली. "चांगमिन, तो उचल. त्याचं काही चुकलेलं नाही."

"आई, पोरगी मेली असती."

"हो. माझ्यामुळे. मग मलाही टाकतोस का इथे, त्या मोडक्या पंख्याशेजारी?"

रखवालदाराने मान दुसरीकडे वळवली. चांगमिनने मला उचललं.

आता माझ्याशेजारी लाकडी चिमटा टांगलेला असतो. पण मित्रांनो, चिमटा लाकडाचा असला तरी आधी प्लग काढा, मग दम धरा, टोस्टर गार होऊ द्या, आणि मगच हात लावा. चुरा झटका. गरम डोक्यावर झाकण घालू नका. तोक तव्यावर भाजा.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर आजीने चुरा काढायला मला उलटं केलं. बोमी नुकतीच वाचायला शिकली होती. ती बोट फिरवत अडखळत वाचू लागली, "आत... अडकलेलं... काढण्याआधी... प्लग काढा."

आजी माझ्या बुडाकडे बघत राहिली. "हे इथे कधीपासून लिहिलंय?"

पहिल्या दिवसापासून, आजी. पहिल्या दिवसापासून.