चौघींतली उषा

अनंत सरांनी बायकोचा एकुलता एक फोटो स्वतःच्या हातानं पुसला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी जबरदस्ती केली नव्हती. भर दुपारी, चहाचा कप शेजारी ठेवून, खुशीत गुणगुणत पुसला. आणि वर, पुसून झाल्यावर, "जमलं बुवा!" असंही म्हणाले. आता ह्याला कर्म म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

पण फोटो एकच कसा, ते आधी सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, आज भाजीवाल्याच्या मोबाइलात हजार फोटो निघतात, आणि बुऱ्हाणपुरात तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलेल्या माणसाकडे बायकोचा एकच?

त्याचं मूळही सरांपाशीच होतं. लग्नाला चार वर्षं झाली असतील. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. उषाबाई चुलीवर खापर पालथं घालून मांडे करत होत्या. पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर झुलवत मोठा करायचा आणि अलगद खापरावर सोडायचा, तिथं नजर हलवून चालत नाही. सर दारात उभं राहून वहीत तिचं चित्र काढत होते. चेहरा नीट दिसेना म्हणून म्हणाले, "उषे, इकडं बघ जरा." ती बघायला वळली, पदर लाकडात अडकला, लाकूड सरकलं आणि निखारा उडून थेट गालावर. सुपारीएवढा डाग पडला तो कायमचा. सरांनी ते चित्र त्याच चुलीत घातलं. परत कधी तिचं चित्र काढलं नाही.

आणि उषाबाईंनी परत कधी फोटो काढू दिला नाही. कोणी मोबाइल रोखला की हात तोंडावर. नातेवाइकांच्या लग्नाचे सगळे अल्बम काढा, उषाबाई म्हणजे एक पदर आणि चार बोटं. स्वतःच्या लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला. आधार कार्डावरचा फोटो तर विचारूच नका, त्यात अख्खा चेहराच डाग.

फक्त एकदा चुकल्या. सर रिटायर झाले तेव्हा शाळेनं दोघांना स्टेजवर बोलावलं. सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्यांचीच नक्कल केली, "कागद वाया घालवायचा नाही, गधड्या!" आणि बाई खळखळून हसल्या. हात वर न्यायचं राहून गेलं. नेमका तोच क्षण फोटोवाल्यानं पकडला. एकच प्रत दिली, पुढं धंदा गुंडाळून तो गाव सोडून गेला. त्या फोटोत उषाबाई होत्या तशा होत्या. डागासकट.

गेल्या माघात साध्या तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या. तेराव्याला हाच फोटो पाटावर मांडला, सरांचा अर्धा भाग मागं दुमडून. हा फोटो स्कॅन करून पेनड्राइव्हमध्ये घालून ठेवला होता रितेशनं. शनवारा चौकात त्याचं फोटोचं दुकान, सरांचा जुना विद्यार्थी, आता स्वतःच चाळिशीला आलेला. जेवणं आटोपली तेव्हा सरांच्या थोरल्या भावजयीनं, मालतीवहिनींनी, फोटो उचलला.

"भाऊजी, अर्धा माणूस जिता नि अर्धा गेलेला, असा फोटो घरात ठेवत नाहीत. तुमच्याच जिवाला घोर. तापीच्या राजघाटावर निर्माल्याबरोबर सोडून द्या."

सरांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण त्या दिवसांत माणूस 'हो' म्हणण्यापलीकडं काय करतो? शिवाय पेनड्राइव्हमध्ये आहेच की, असं सगळ्यांनी म्हटलं. फोटो तापीत गेला.

पेनड्राइव्हमधल्या फोटोची मोठी प्रत करून हार घालायचं मात्र सरांनी टाळलं. हार घातला की ती मेली, इतकं साधं गणित होतं त्यांचं. वर्ष असंच गेलं. वर्षश्राद्ध महिन्यावर आलं तेव्हा इंदूरहून मुलाचा, पंकजचा फोन आला.

"पप्पा, हार-बिर छोडो ना. आईचं पॉप आर्ट करू. चार रंगांत, चार चौकटी. एकदम मस्त दिसेल. तुम्ही तर आर्टिस्ट आहात यार, लॅपटॉप दिलाय तो धूळ खात पडलाय. मी व्हिडिओ पाठवतो, बघून करा."

सरांना आधी राग आला. आई काय सिनेमाची नटी आहे? पण व्हिडिओ पाहिला आणि हात शिवशिवले. सांगणारा भलामाणूस हिंदीत एकेक पायरी समजावत होता: आधी मागची पार्श्वभूमी काढा, मग फोटो काळा-पांढरा करा, मग ती एक पट्टी सरकवत न्या, मधला सगळा करडा उडून जाईल, निव्वळ काळं आणि पांढरं उरेल. त्यात मग पाहिजे ते रंग भरा.

पाच दिवस सर जेवायचं विसरले. पहिल्या दिवशी नुसता पदर कापण्यातच दुपार गेली. चेहरा आणि मान तेवढी ठेवली. दुसऱ्या दिवशी पट्टी सरकवली. थोडी डावीकडं नेली की उषा दुधासारखी पांढरी व्हायची, नाकसुद्धा दिसेना. उजवीकडं नेली की कोळशाची. मधे एका जागी ती एकदम हसली. सर खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, "आलीस?" डोळ्यांखालच्या बारीक रेघा गेल्या होत्या, हनुवटीची खळी गेली होती, पण डाग राहिला होता. काळाकुळकुळीत, सुपारीएवढा.

मग रंग. एक पिवळी, एक गुलाबी, एक निळी, एक पोपटी. चौघी एकाच बाजूला तोंड करून बसल्या, ते काही बरं दिसेना. म्हणून दोघींना आरशातल्यासारखं उलटं केलं, की जोडीजोडीनं समोरासमोर बघतील. निळी वर नेली, पिवळी खाली आणली, परत बदललं, परत रंग पालटले. खरं सांगायचं तर वर्षभरात सर पहिल्यांदा सुखात होते. बायको गेली आहे हे ते पाच दिवस विसरले होते, आणि त्याची त्यांना नंतर जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कशाची वाटली नाही.

पाचव्या दुपारी काम झालं. सगळे थर एकजीव केले आणि जतन करायला गेले, तर मशीननं विचारलं, ह्या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का?

आता दुसरा कोणी असता तर थबकला असता. पण तीस वर्षं सरांनी पोरांना एकच शिकवलं होतं: एक चित्र, एक कागद. चुकलं तर त्याच्यावरच दुरुस्त करा, पण नवा कागद मागायचा नाही. आणि फाइल उघडली होती ती थेट पेनड्राइव्हमधून. उषाच्या जागी उषाच तर ठेवायची आहे, असं मनात म्हणत सरांनी 'हो' दाबलं. लॅपटॉप बंद केला. "जमलं बुवा!"

दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांखालच्या त्या रेघा बघायच्या म्हणून त्यांनी मूळ फोटो उघडायला घेतला, तर त्याच्या जागी त्याच चौघी.

दुकानात रितेशनं दोन तास खटपट केली. पेनड्राइव्हमधून कुठल्या कुठल्या परीक्षेचे कागद वर आले, शाळेची जुनी वेळापत्रकं आली, उषाबाई नाही आल्या. "सर, मी दुकानात गिऱ्हाइकाचं काही ठेवत नाही. दर रविवारी सगळं साफ करतो. मला काय ठाऊक..." त्यानं चौघींचं चित्र स्क्रीनवर मोठं केलं. मग म्हणाला, "पण सर, हे आहे ना! किती भारी केलंय तुम्ही. ह्यातलीच एक काळी-पांढरी करून देतो. कोणती घेऊ?"

सरांनी स्क्रीनकडे पाहिलं. वर एकीच्या डाव्या गालावर डाग, दुसरीच्या उजव्या. खालीही तसंच.

"जी खरी आहे ती घे," ते म्हणाले.

"ते तर तुम्हीच सांगाल ना सर. डाग कोणत्या गालावर होता?"

सरांचं बोट आधी स्वतःच्या उजव्या गालाकडं गेलं, मग डाव्या.

"बरं, पदरावरून कळेल की."

"पदर कापला."

"नाकातल्या चमकीवरून?"

"नाक टोचलेलंच नव्हतं तिचं. लहानपणी पिकलं होतं." सरांनी स्क्रीनवर बोट फिरवलं. "भांग मधोमध. अरे, एक खूण नाही ठेवली रे मी!"

आधी त्यांना ठाऊक होतं, हो. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण पाच दिवस दोघींकडं सारखंच बघून बघून खूणगाठ सुटली होती. उजवा म्हटलं की उजव्या गालाची उषा दिसायची, हुबेहूब. डावा म्हटलं की डाव्या गालाची, तितकीच हुबेहूब. चौतीस वर्षं जिच्यासमोर बसून जेवलो तिचा गाल आठवत नाही! मेल्या, काय बघत होतास मग? असं त्यांनी स्वतःला मोठ्यानं विचारलं, आणि रितेश उगाचच दुकानातल्या फ्रेम पुसत बसला.

घरी येऊन सरांनी पेन्सिल घेतली. जिंदगीभर पोरांना चेहरे काढायला शिकवलेला हात, उषाचं नाक तरी काढेल की नाही? नाही काढलं. हातातून तीच जाड काळी रेघ उतरत होती, तेच सपाट पांढरे गाल. सहा कागद फाडले. ज्यानं कधी कागद वाया घालवला नाही, त्यानं सहा फाडले.

मग ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. हिशेब सोपा होता: मी इथं उभा होतो, चूल तिथं होती, ती माझ्याकडं वळली, तर निखाऱ्याकडं कोणता गाल आला? पण चूल कुठल्या भिंतीला होती? पंकजच्या लग्नात सगळं तोडून ओटा केला होता, दारसुद्धा सरकवलं होतं. आता तिथं फ्रिज घरघरत होता. सर दोन पावलं आत गेले. शेवटी हळूच म्हणाले, "उषे, इकडं बघ जरा."

कोण बघणार? सर फ्रिजला टेकून लहान पोरासारखे रडले.

पोरांना त्यांनी सांगितलं नाही. पंकज म्हणाला, "पप्पा, ओरिजिनल पण भेजो ना, मी फोनमध्ये ठेवतो." सर म्हणाले, "पाठवतो." लेकीला, दीपालीला, जळगावला फोन करून त्यांनी आडून विचारलं, आईचा डाग तुला आठवतो का गं? ती म्हणाली, "आठवतो म्हणजे काय! उजव्या गालावर." आणि जरा थांबून म्हणाली, "म्हणजे माझ्या उजव्या हाताला. की तिच्या?" मग तीच रडायला लागली. सरांनी फोन ठेवला.

वर्षश्राद्धाला पंकज चार फूट उंच प्रिंट घेऊन आला. भिंतीला टेकवून कागद सोडला आणि सगळी मंडळी 'अरे वा!' म्हणाली. काय रंग, काय हसू! निंबोल्याहून आलेले उषाबाईंचे माहेरचे लोकसुद्धा म्हणाले, बाई जणू आत्ता बोलेल. सर कोपऱ्यात पाटावर बसून होते.

ब्राह्मण येऊन गेले, पानं वाढायची वेळ झाली. मालतीवहिनी गंधाची वाटी घेऊन चित्रासमोर गेल्या. बोट गंधात बुडवलं, वर नेलं, आणि तिथंच थांबल्या.

"अगंबाई, ह्या तर चौघी! टिळा कोणतीला लावू?"

"चौघींनाही लावा ना, काकू," पंकज हसत म्हणाला.

"असं कसं? टिळा एकीला लागतो. आपली उषा जी आहे तिला." वहिनी पुढं वाकल्या. "काय रे पंकज, डाग ह्या बाजूला होता ना तिचा?"

"हां, लेफ्टला. मी स्कूटरवर मागं बसायचो, मला पक्कं माहीत आहे."

"काहीतरीच काय दादा!" दीपाली म्हणाली. "उजव्या गालावर होता. वेणी घालताना मी आरशात बघायचे."

"अगं, आरशात उलटं दिसतं, पगली!"

"मग तू स्कूटरवर मागून गाल बघायचास?"

मंडळी हसली. मग हसू ओसरलं, कारण कोणालाच ठाऊक नव्हतं. वहिनींना नाही, माहेरच्यांना नाही. मग सगळ्यांनी एकदम सरांकडं पाहिलं.

"पप्पा, तुम्हीच सांगा."

वहिनींच्या बोटावरचं गंध वाळत आलं होतं. सर उठले. सांगून टाकावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं: मी तिला पुसली, आधी गाल जाळला, मग तोंडच पुसलं. पण समोर दोन्ही लेकरं आईकडं बघत होती, पाणावलेल्या डोळ्यांनी, आणि त्यांच्याजवळ आता तेवढीच आई होती. सर चित्राजवळ गेले. चौघींकडं पाहिलं. बोट उचललं आणि उजव्या गालाच्या पिवळीवर ठेवलं.

"ही," ते म्हणाले. वर्गात फळ्यापाशी उत्तर सांगायचे, अगदी त्या आवाजात.

"बघ, मी म्हटलं होतं ना!" दीपाली डोळे पुसत म्हणाली. पंकज म्हणाला, "हां यार, सही है. हीच." वहिनींनी पिवळीच्या कपाळावर टिळा लावला, तिच्यापुढं फूल ठेवलं. त्या घरात उषाबाईंचा डाग त्या दिवसापासून पक्का झाला. नातवंडं आता तेच सांगतील.

सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. सरांनीही मिटले. आत त्याच चौघी होत्या, एकमेकींकडं तोंड करून हसत, आणि त्यांतली एकही त्यांच्याकडं बघत नव्हती.