तंबूमागचा चुरा

गुरुवारी सकाळी सहा वाजता पायात ओळखीचं निळं कडं असलेला फिंच पक्षी तंबूमागे जिवंत दिसला. यादिरानं दुर्बीण पुसून पुन्हा पाहिलं. तोच होता.

वर्षभर बेटावर पाऊस नव्हता. बारीक, मऊ बिया केव्हाच संपल्या होत्या. उरले होते ते टणक, काटेरी सराटे. जाड चोचीचे फिंच ते फोडून तगले. मेलेल्या बारीक चोचीच्यांच्या पायातली कडी यादिरा महिनाभर वाळूतून वेचत होती.

"हा जगला कसा?" कीतोहून पक्ष्यांच्या अभ्यासासाठी आलेला डॉक्टर एफ्राइन कॉफीचा मग घेऊन तिच्याशेजारी उभा राहिला. "ही चोच सराटा फोडूच शकत नाही."

पक्षी न बिचकता त्यांच्या पायांशी आला आणि वाळूतला चुरा टिपू लागला.

चुरा यादिराचाच होता. बी फुटायला किती जोर लागतो हे मोजायला ती रोज सराटे यंत्राच्या चिमट्यात दाबायची आणि टरफलं तंबूमागे झटकायची. टरफलांना दाणे चिकटलेले असायचे.

डॉक्टर वाकला. "यादिराबाई, खानावळ उघडलीत की काय?"

"फुकटातली. बोट आली नाही तर तुम्हालाही इथंच जेवावं लागणारे."

तो हसला नाही. "आजपासून चुरा बंद डब्यात."

"म्हणजे मरेल तो."

"बाकीचे मेलेच ना?"

"मग याला अभ्यासातून वगळा, आणि खाऊ द्या बिचाऱ्याला."

"वगळला तरी पाऊस पडल्यावर जोडी जमवेल. पिल्लंही बहुधा अशीच, बारीक चोचीची. दुष्काळात कोण तगतं ते बघायला आलोय आपण. ठरवायला नाही."

"ठरवून तर बसलेय मी, डॉक्टर. आता काय?"

"आता थांबायचं."

तिनं चुरा भरला, वाळू चाळली, डब्याचं झाकण दाबून बसवलं. दुपारी फिंच त्या झाकणावर येऊन बसला. दोनदा चोच मारली. यादिराच्या मुठीत एक फोडलेला सराटा होता. डॉक्टरला तो दिसला. त्यानं नजर पुन्हा पक्ष्याकडे वळवली.

चारच्या सुमारास पक्ष्यानं झुडपाखालचा एक अख्खा सराटा उचलला, चोचीत फिरवला, टाकला. पुन्हा उचलला.

अंधार पडला तेव्हा सराटा फुटला नव्हता. यादिराची मूठही उघडली नव्हती.