उटी लावणारी

फोटोवरून कुणाच्या पोटात दुखतं का हो? दुखतं. थोरलीला विचारा.

त्याचं असं झालं, वखारीत पेपरवाला आला होता. सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी लष्कराच्या लिलावातून दोन जुने ट्रक उचलले होते. एक अजून चालतो, त्याला सगळे जनरल म्हणतात. दुसरा कुंपणाला टेकून उभा असतो, तो पेन्शनर. जनरलचं काही बिघडलं की पेन्शनरचा एखादा अवयव काढायचा आणि ह्याला बसवायचा. असल्या म्हाताऱ्या गाडीवर हिवाळाभर घरोघर सरपण पोचतं, आणि चालवते कोण तर घरची धाकटी सून, याचं पेपरवाल्याला भारी कौतुक. धाकटी स्टिअरिंगवर बसली, हसली. थोरली मागे फाळक्याशी उभी होती. "ताई, जरा बाजूला होता का? मध्ये येताय," म्हणाला तो मेला. झाली बाजूला. तरी छापून आला तेव्हा डाव्या कोपऱ्यात तिचा एक गमबूट आलाच. नुसता गमबूट. खाली लिहिलं होतं, 'जनरलला धाकात ठेवणारी सून'.

नवऱ्याला सांगावं तर तो कुऱ्हाडीला धार लावता लावता म्हणाला, "अगं, तुझीच जाऊ ना ती?" अहो, तेच तर दुखणं! परक्या बाईचा फोटो असता तर हिने कापून कपाटाला चिकटवला असता.

अकरा हिवाळे थोरलीने त्या ट्रकवर काढले होते. पहाटे निखाऱ्यांचं घमेलं इंजिनाखाली सरकवून तेल पातळ करायचं, ते हिने. हँडल मारून खांदा निखळेपर्यंत इंजिन चालू करायचं, ते हिने. धाकटी तर परवा आली, म्हणजे तीन वर्षं झाली, पण परवाच म्हणायचं. सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा दोघी वखारीच्या अंगणात एकत्रच ट्रक शिकल्या, परवानाही एकाच दिवशी काढला. आणि मग सासऱ्यांनी सीट दिली कुणाला? धाकटीला! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

"मामंजी, मी का नाही?" थोरलीने तेव्हा तोंडावर विचारलं होतं.

"गाडी कुणीही चालवेल गं," म्हातारा म्हणाला. "मागे उटी लावणारं माणूस भरवशाचं पाहिजे. तुझ्यासारखं."

आता उटी म्हणजे काय, तर एक त्रिकोणी ओंडका. जनरलचा हँडब्रेक नावालाच आहे, आणि थंडीत इंजिन एकदा बंद केलं की पुन्हा चालू होईपर्यंत गिऱ्हाइकं गारठून मरायची. म्हणून चढावर गाडी उभी करायची ती इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर पाय दाबून. थोरलीने मागून उडी मारायची, मागच्या चाकाखाली उटी सारायची आणि फाळक्यावर हात आपटून दोन ठोके द्यायचे. दोन ठोके ऐकू आले की चालवणाऱ्याने पाय उचलायचा. गाडी वीतभर मागे येते, उटीवर बसते, थांबते. मग खाली उतरून दोघींनी लाकडं उतरवायची. अकरा वर्षांत हे ठोके कधी खोटे पडले नव्हते. सासऱ्यांनी केलेलं कौतुक खरंच होतं, पण तिला वाटलं म्हाताऱ्याने गोड बोलून मागच्या मागे ढकललं आपल्याला.

फोटो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी बेकरीची खेप होती. बेकरी चढावर, रस्त्यावर रात्रीचं दव गोठून काच झालेली. सासरेही आले होते. ते खाली वळणावरच उतरून काठी टेकत चालत येत होते. धाकटीने गाडी चढवली, फाटकासमोर उभी केली. थोरलीने उटी घेऊन उडी मारली.

तेवढ्यात बेकरीवाला हातात पेपर घेऊन बाहेर आला. "काय बाईसाहेब! फोटो झकास! आमच्याकडे सकाळपासून सगळे तुमचंच विचारतायत!" आणि ट्रेमधला गरम पाव खिडकीतून धाकटीच्या हातात दिला. त्याची बायको आली, कारकून आला, पीठ मळणारे दोघे आले. सगळे खिडकीपाशी. मागे चाकाशी कुत्रंसुद्धा नव्हतं.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. उटी हातातच होती. तिच्या मनात आलं, वीतभराऐवजी हातभर सरकू दे गाडी. दचकू दे जरा. तो पाव पडू दे मांडीवर, हसू देत सगळे. एवढंच. याहून जास्त काही नव्हतं मनात, हे ती शपथेवर सांगेल.

तिने फाळक्यावर हात आपटला. एक. दोन.

धाकटीने पाय उचलला. उचलणारच, ठोके थोरलीचे होते ना!

गाडी हातभर सरकली आणि थांबली नाही. धाकटीने परत ब्रेक दाबला तशी चाकं जागच्या जागी धरली गेली आणि अख्खं धूड लाकडांसकट त्या काचेवरून मागे घसरत निघालं. थोरली बाजूला फेकली गेल्यासारखी पळाली. वीसेक पावलांवर बेकरीची दगडी भिंत होती, तिच्यात फाळका घुसला. अर्धी लाकडं रस्त्यावर सांडली. मग काही क्षण नुसतं इंजिनच बोलत होतं.

धाकटीची हनुवटी स्टिअरिंगवर आपटून फुटली होती. रक्त स्वेटरवर येत होतं. भिंतीला टेकवलेली एका पीठ मळणाऱ्याची सायकल चपटी झाली होती. तो पाच मिनिटांपूर्वी तिथेच उभा होता, म्हणाला. ते ऐकून तिने काय केलं असेल? हातातली उटी हळूच रस्त्यावर ठेवून दिली. जणू चाकाखालून निसटली असावी.

सासरे धापा टाकत पोचले. "काय झालं?"

कुणी म्हणालं उटी निसटली, कुणी म्हणालं बर्फच वाईट. धाकटीने हनुवटीवर रुमाल दाबला, थोरलीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "माझाच पाय लवकर उचलला गेला, मामंजी. ठोके व्हायच्या आधीच."

सासरे म्हणाले, "उद्यापासून थोरली चालवेल."

बघा, मिळालं की नाही? इतके दिवस ज्यासाठी जीव जळत होता ते एका दिवसात पदरात पडलं. रात्री नवरा म्हणाला, "आता तरी खूश?" ती म्हणाली, "हो." आणि पाठ फिरवून झोपली.

सकाळी पेन्शनरचा फाळका काढून जनरलला लावला. थोरली सीटवर चढली. धाकटी खिडकीशी आली, हनुवटीवर पट्टी, आत तीन टाके. बोलताना दुखत असावं.

"ताई, आरसा जरा खाली घ्या," असं म्हणत तिनेच हात घालून तो वळवला. "असा. मागचं चाक दिसतं का? उटी लावणाऱ्याचे हात पण दिसतात. सगळं दिसतं."

आणि उटी उचलून मागे चढली.

थोरलीने काही बोलायला हवं होतं. चूक झाली गं, एवढे तीन शब्द. पण मागून सासरे ओरडले, "निघा, उशीर होतोय!" आणि तिने गिअर टाकला.

बेकरीचीच उरलेली खेप होती. चढ तोच. सासरे कालसारखेच खाली वळणावर उतरले. गाडी तिने सफाईने चढवली, फाटकासमोर थांबवली, ब्रेक दाबून धरला. मागे गमबूट रस्त्यावर उतरल्याचा आवाज आला. मग काही वेळ काहीच नाही. मग फाळक्यावर ठोके. एक. दोन.

थोरलीचा पाय उचलेना.

आरशात पाहिलं तर धाकटी चाकापासून दूर, सरळ उभी होती. हात रिकामे. उटी चाकाखाली होती की गाडीतच ठेवली होती, चाकाशी साचलेल्या धुरात काही कळेना. धाकटी सरळ आरशातच बघत होती.

"काय झालं गं?" सासरे वळणावरून ओरडले. बेकरीवाला दारात आला. पीठ मळणारा भिंतीपासून लांब सरकला. थोरलीने ब्रेक आणखी जोरात दाबला.

"ताई," मागून आवाज आला, "सोडा पाय. की भरवसा नाही?"

थोरलीने डोळे मिटले आणि पाय उचलला.

गाडी हलली नाही. वीतभर नाही, बोटभर नाही. उटी अशी चपखल बसली होती की जनरलने साधा हिसकाही दिला नाही.

तिने डोळे उघडले. आभार मानावे, रडावं, खाली उतरून पोरीचे पाय धरावे, असं काहीतरी व्हायला हवं होतं ना? होईलही पुढे. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला थोरलीच्या मनात पहिला विचार आला तो असा, की अकरा वर्षांत आपल्या हातून उटी एकदाही इतकी नीट बसली नव्हती. मेलीला हेसुद्धा आपल्यापेक्षा चांगलं जमतं. आणि पोटात पुन्हा दुखायला लागलं.