भोंगेकाकांचा ओठ

डॉक्टरीणबाईंनी काकांच्या उघड्या पाठीवर अंगठा टेकवला आणि काकूंनी डोळे गच्च मिटून घेतले.

हाच अंगठा दोन वर्षांपूर्वी त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हा बाईंनी चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर तो जरा दाबून आडवा सरकवला होता, आणि कातडी दुधावरच्या सायीसारखी गोळा होऊन बाजूला गेली होती.

काका पाणीखात्यात मीटर वाचायचे आणि रविवारी संध्याकाळी बागेतल्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना भोंगेकाका म्हणे. काकांना ते नाव आवडायचं, काकूंना मुळीच नाही. घरात सराव करायचा तर न्हाणीघरात, दार लावून, असा काकूंचा कायदा होता आणि लग्नापासून तो एकदाही मोडला नव्हता.

तोंड पहिल्यांदा आलं तेव्हा काकांनी खापर फोडलं माउथपीसवर, म्हणजे ट्रम्पेटला ओठ टेकवायच्या त्या छोट्या पितळी वाटीवर. दुसरी वाटी आणली. मग तिसरी, चांदीचा मुलामा दिलेली. बँडवाल्यांनीही माना डोलावल्या, कारण वाजवणाऱ्याचा ओठ सोलला की दोष वाटीचा, हे त्यांच्यात ठरलेलंच. वाट्या बदलण्यात महिने गेले. शेवटी पाठीवरही फोड आले तेव्हा काकू कडाडल्या, "पाठीनं कधीपासून वाजवायला लागलात?" आणि त्यांना ओढत दवाखान्यात घेऊन आल्या.

डॉक्टरीणबाईंनी तेव्हा नीट समजावून सांगितलं होतं. "कातडीच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. त्यासाठी त्यांच्या अंगावर प्रथिनांचे बारीक आकडे असतात. एकीचा आकडा दुसरीच्या आकड्यात. तुमच्या शरीराचे पहारेकरी ह्या आकड्यांनाच शत्रू समजून बसलेत. तोंडातल्या अस्तराची मदार एका जातीच्या आकड्यांवर जास्त, ते आधी सुटले. आता बाहेरच्या कातडीतले सुटायला लागलेत."

"म्हणजे पेशी चांगल्या आहेत, नुसती पकड सुटलीय?" काकूंनी विचारलं होतं.

"अगदी बरोबर. पहाऱ्यावरचे शांत झाले की त्या पुन्हा धरतील."

ते 'धरतील' काकूंनी पदराला गाठ मारून ठेवलं. पण पहारेकरी कसले शांत होतात! गोळ्यांनी काकांचा चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला. सदरा अंगाला चिकटला की पाण्यानं भिजवून भिजवून सोडवायचा, चादरीवर पावडर पसरायची, हाताला धरून उठवायचं नाही, खालून तळवा द्यायचा. मग सलाईनमधून नवं औषध सुरू झालं. या सगळ्यात काकूंनी एक चोरी केली. काका एकदा आजारातच ट्रम्पेट पुसत बसलेले दिसले, तेव्हा त्यांनी गुपचूप माउथपीस काढून पिठाच्या डब्यात तळाशी पुरला. काकांनी कधी विचारलं नाही.

"काकू, उघडा डोळे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अंगठा सरकला होता. पाठीवर लालसर रेघ उठली होती, बस्स. बाईंनी दुसरीकडे दाबून पाहिलं, तिसरीकडे पाहिलं. कातडी जागची हलली नाही.

"धरलंय!" बाई एखाद्या मुलीसारख्या हसल्या.

काकांनी सदरासुद्धा घातला नव्हता. "मग वाजवू?"

"हळूहळू. ओठावर काही दिसलं तर त्याच दिवशी इकडे यायचं."

घरी येताच काकूंनी कोपरापर्यंत हात पिठात घातला आणि वाटी काकांसमोर ठेवली. मान काही वर होईना.

"मला माहीत होतं," काका म्हणाले. "पिठाचा डबा उघडायला मला काय बंदी आहे का?"

"मग काढली का नाहीत?"

"तुझी भीती गेली की तूच काढशील, म्हटलं."

काकूंनी वाटी पुसली खरी, पण पहिल्या फुंकीला सुराऐवजी पीठच निघालं. पुढचे दोन महिने न्हाणीघरातून म्हैस अडल्यासारखे आवाज येत राहिले. काकू रोज विजेरी घेऊन ओठ तपासायच्या, नुसत्या बघायच्या. बोट लावायचं धाडस मात्र होईना.

मग तो रविवार आला. शेवटच्या धुनेत एक उंच, लांबच लांब सूर असतो. तो वर्षानुवर्षं काकांचा. आजारपणात बँडमास्तरांनी तो दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याला, बाजारातल्या कुलूपवाल्याला दिला होता. आज त्या सुराची वेळ आली तेव्हा कुलूपवाल्यानं आपला ट्रम्पेट सरळ मांडीवर ठेवला आणि मास्तरांकडे बघून म्हणाला, "ज्याचा त्याला."

काकांनी वाटी ओठावर दाबली. काकू पहिल्या रांगेत खुर्चीची कड धरून बसल्या होत्या. सूर आधी जरा थरथरला. मग जो सरळ उभा राहिला, तो थांबेचना. खेळणारी पोरं थांबली, फाटकाबाहेर सायकलवाले उतरले. मास्तरांनी काठी हवेतच धरून ठेवली, खाली आणायचं त्यांच्या जिवावर आलं. सूर संपला तेव्हा बागेत असा टाळ्यांचा कडकडाट झाला की काकूंना आपलं रडू लपवावंच लागलं नाही, कोणाला ऐकूच जाईना.

गर्दी पांगल्यावर काका बाकावर येऊन बसले. ओठांवर वाटीचं लाल, गोल कडं उमटलं होतं. पूर्वी अशाच कड्याच्या जागी कातडी सुटून यायची.

"दाखवा बघू," काकू म्हणाल्या. त्यांनी त्या कड्यावर अंगठा टेकवला, थोडा दाबला, आणि डॉक्टरीणबाईंसारखाच आडवा सरकवला.

ओठ जागचा हलला नाही. लाल कडं थोडं पांढरं पडलं आणि अंगठा उचलताच पुन्हा लाल झालं.

"काय म्हणतोय?" काकांनी विचारलं.

काकूंनी अंगठा पदराला पुसला. "उद्यापासून वाजवताना," त्या म्हणाल्या, "न्हाणीघराचं दार उघडं ठेवत जा."