तिसरा प्लग

गाडीचा तिसरा प्लग पुन्हा गेला तेव्हा मागच्या सीटवर गावातले किशनराव डोळे मिटून पडले होते. परभणीहून डायलिसिस करून निघाले की त्यांच्या अंगात बोलायचंही त्राण उरत नसे. गाडीनं आधी दोन गचके दिले, मग ती लंगडायला लागली आणि ताडकळसच्या अलीकडं एका बाभळीखाली गप्प उभी राहिली. गाडी चालवणाऱ्या भक्तीनं बॉनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून ती इंजिनाकडं पाहत राहिली. शेवटी उसाचा एक रिकामा ट्रॅक्टर थांबला. मडगार्डवर बसून, ड्रायव्हरच्या खांद्याला धरून किशनराव घरी पोचले. सगळ्या गावानं ते पाहिलं.

भक्तीचा नवरा राम गळीत हंगामासाठी गंगाखेडच्या साखर कारखान्यावर गेला, तेव्हा त्यानं हौसेनं घेतलेली ही जुनी गाडी दारात धूळ खात पडली होती. भक्तीनं ती शेताच्या गाडीवाटेवर शिकून घेतली, लायसन काढलं आणि दिवाळीपासून गावातल्या आजारी माणसांना परभणीच्या दवाखान्यात न्यायला लागली. सुरुवातीला गावाच्या जिभेला हाड राहिलं नव्हतं. मग त्याच जिभा रोज संध्याकाळी दारात येऊन विचारू लागल्या, "उंद्या जागा हाय का गं?"

सासरे आबासाहेब वाईट माणूस नव्हते. पण गाडी मागच्या खेपेला अडली तेव्हाच ते म्हणाले होते, "आजून एकदा बंद पडली तर इकून टाकू. मानसाच्या जिवाशी खेळ नको." त्यात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून भक्तीला ते जास्तच लागलं. आता त्यांनी गिऱ्हाईक पाहिलं होतं. पूर्णेचा माणूस उद्या सकाळी येणार होता. भक्तीच्या हातात एवढा एकच दिवस होता. आज दुखणं सापडलं तर गाडी तिची, नाहीतर पुन्हा चूल आणि धुणं. तिला चुलीचा राग नव्हता. पण स्टिअरिंग हातात आलं की तिला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं, आणि ते तिला सोडायचं नव्हतं.

त्याच सकाळी, आदल्या दिवशी ओढून घरी आणलेली गाडी कशीबशी रेटत ती ताडकळसला निघाली, तर सासूबाई बायनाबाई पिशवी घेऊन शेजारी येऊन बसल्या. बाजार हा नुसता बहाणा होता. सुनेला एकटीला सोडायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं.

सिद्धोधनचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड आणि सिद्धोधन म्हणजे तोंडाचा पट्टा. पहिल्यांदा प्लग गेला तेव्हा त्यानं पेट्रोलला नावं ठेवली होती. दुसऱ्यांदा प्लगच्या कंपनीला. नंतर वायर बदलली. कारण दरवेळी नवं, खात्री मात्र तेवढीच. आजही त्यानं प्लग काढला, टोक उन्हाला धरलं आणि वैद्यानं नाडी पाहावी तसा चेहरा केला.

"काळं अन् वलं. वैनी, आता इंजिन खोलावंच लागंल. आठ दिवस गाडी इथंच."

"आठ दिवस कुठले? उंद्या गिऱ्हाईक यायलंय." भक्तीचा आवाज चढला. "अन् मला एक सांगा, दर बारीला तिसराच कामून जातो? पेट्रोल खराब असतं तर चारी प्लग गेले असते. चौघं एका ताटात जेवायलेत, मग हगवण एकालाच कशी?"

सिद्धोधननं प्लग पुन्हा हातात घेतला. या वेळी त्यानं टोक सोडून वरचा पांढरा चिनीमातीचा भाग पाहिला. त्यावर वरून खाली एक केसासारखी काळी रेघ गेली होती.

"आयला," तो हळूच म्हणाला. "मी आजवर ह्याचं तोंडच बघत बसलो की."

त्यानं तोच जुना प्लग परत बसवला. धूर बाहेर जावा म्हणून शेडची मागची खिडकी उघडी ठेवून तिच्यावर गोणपाट सोडलं आणि धाडकन शटर ओढलं. बाहेर लख्ख दुपार आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. "मावशी, हिकडं या. गाडीला हात लावू नका," म्हणत त्यानं गाडी चालू केली. इंजिन लंगडत, थरथरत सुरू झालं.

आधी काहीच दिसलं नाही. मग भक्तीला दिसलं.

तिसऱ्या प्लगच्या खड्ड्याच्या तोंडाशी एक निळा धागा नाचत होता. जांभळट निळा, जिवंत. रबराच्या टोपीतून निघायचा, लोखंडाला चाटायचा, विझायचा, पुन्हा निघायचा. त्याचा बारीक तडतड आवाज येत होता. भक्तीच्या अंगावर काटा आला. इतके महिने ती या गाडीत बसून मैलोगणती फिरली होती, ऊन, महागाई, शेजारणीच्या भांडणांवर बोलली होती, आणि सगळा वेळ पायांच्या पुढं हातभर अंतरावर ही वीज कडाडत होती! आभाळातली वीज पाहून ती लहानपणी आईच्या पदरात शिरायची. तीच इथं डबीत कोंडून माणसांनी कामाला लावली होती.

"आई गं," बायनाबाई पुटपुटल्या. "हे काय हाय रे लेकरा?"

"करंट, मावशी. ह्यानं आत पेट्रोल पेटवायचं, मिनिटाला हजार बारी. पन लय आळशी असतो. बाहेरून सोपी वाट घावली की आत जातच न्हाई. हितं कुनीतरी त्याला वाट करून दिलीया."

शटर वर गेलं. सिद्धोधननं गाडी बंद केली, प्लग काढला आणि पेचकसाच्या टोकाला फडकं गुंडाळून खड्ड्यात फिरवलं. फडक्याला काकवीसारखं तपकिरी, चिकट काहीतरी लागून आलं, कडेला पिवळट. त्यानं ते भक्तीपुढं धरलं. तिनं वास घेतला. करपलेलं खोबरं.

दर अमावास्येला गावातल्या झाडून सगळ्या गाड्यांची पूजा होते. लोक चाकापुढं नारळ फोडून मोकळे होतात. बायनाबाईंना ते पटलं नव्हतं. गाडीचा जीव काय चाकात असतो का, म्हणून त्या बॉनेट उघडायला लावायच्या, इंजिनाला हळद-कुंकू वाहायच्या आणि नारळाचं पाणी थेट त्याच्यावर सोडायच्या. "माझ्या लेकीला सुखरूप आण," एवढंच म्हणायच्या. भक्ती शेजारी हात जोडून, डोळे मिटून उभी असायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

तिनं फडकं पटकन बाजूला सारलं. पण सिद्धोधननंही फडकं हुंगलं होतं.

"इंजिनवर नारळ कोन फोडायलंय, वैनी?"

"कुनी न्हाई," भक्ती घाईनं म्हणाली.

"मी फोडते," बायनाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "माझ्यामुळं व्हय रे?"

सिद्धोधन डोकं खाजवत राहिला. "रबर फाटलेलं व्हतं, मावशी. त्याच्यातून पानी आत गेलं अन् करंटला बाहेरची वाट घावली. तुमाला काय ठाव, अन् मला तरी कुठं ठाव व्हतं?"

त्यानं खड्डा धुतला, वाळवला, नवा प्लग आणि नवी रबरी टोपी बसवली. मग बायनाबाईंनीच हट्ट धरला, पुन्हा अंधार कर. शटर पडलं. इंजिन चालू झालं, एकसुरात, कुठंही न अडखळता. त्या वाकून वाकून पाहू लागल्या. काळोखाशिवाय तिथं काहीच नव्हतं.

"दिसंना की आता."

"दिसत न्हाई तेच बरं. आता तो आत पेटायलाय."

बायनाबाईंनी त्या अंधाराला हात जोडले. "एवढं मोठं काम आत चाललंय, अन् मी वरून पानी वतायले व्हते," त्या म्हणाल्या. भक्तीला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त श्वास ऐकू येत होता. तिनं चाचपडत त्यांचा हात धरला.

घरी आबासाहेब ओट्यावर मोबाईल घेऊन बसले होते. "काय निघालं?"

"रबर फाटलं व्हतं, मामा," भक्ती म्हणाली. "बदललं."

"खोटं कामून सांगतीस?" बायनाबाईंनी पिशवी खाली आपटली आणि नवऱ्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "माझ्या हातानं बिघडली गाडी. दर आवसंला मीच तिच्यात पानी वतत व्हते, ही सुखरूप यावी म्हनून. हिनं मला घालूनपाडून एक सबुद बोलला न्हाई, उलट झाकायलीय. आता इकायची असंल तर आदी मला इका."

आबासाहेबांनी बायकोकडं पाहिलं. इतक्या संसारात ती त्यांच्यापुढं अशी कधी उभी राहिली नव्हती. मग त्यांनी दारातल्या गाडीकडं पाहिलं, सुनेच्या तेलकट हातांकडं पाहिलं आणि मोबाईल कानाला लावला.

"उंद्या येऊ नका," ते पूर्णेच्या माणसाला म्हणाले. "गाडी द्यायची न्हाई. आमची सुनबाई चालवायलीय ती."