माशी शिंकली ती हिरव्या बटणावर

मी मजलिस बोलतेय. दगडामातीची नव्हे, मोबाइलमधली. चार माणसांनी एकत्र बोलावं, एकमेकांचं म्हणणं समजून घ्यावं, एवढ्यासाठी माझा जन्म झाला. आणि मला डोकं असतं ना, तर मकनासच्या या गल्लीत ते मी भिंतीवर आपटून घेतलं असतं.

माझी आई नर्मीन. तिने मला कैरोत घडवलं, आपल्या इमारतीतल्या शेजाऱ्यांसाठी. फार विचारपूर्वक घडवलं हो! कुणालाही उत्तर द्यायचं तर आधी एक चौकट भरायची: 'तुमचं म्हणणं मला असं समजलं'. ती भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. शेवटी मत देण्यासाठी दोन बटणं. लाल 'ला', म्हणजे नाही. हिरवं 'माशी', म्हणजे ठीक, चालेल. कैरोत माझं उत्तम चाललं होतं.

मग नर्मीनचं लग्न मोरोक्कोतल्या या मकनासमध्ये झालं आणि तिच्यासोबत मीही सासरी आले. तिच्या सासूबाई, लल्ला बतूल, पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "या गल्लीत सगळे एकदम बोलतात आणि ऐकत कुणीच नाही. तुझं ते यंत्र लाव बघू कामाला!"

लावलं. काय सांगू! ज्या चौकटीवर नर्मीनने महिने घालवले, तिच्यात लोक लिहायचे, 'सगळं बरं ना? आई बरी? पोरं बरी?' त्यावर उत्तर, 'बरी, तुमची?' ख्यालीखुशाली संपता संपायची नाही आणि मुद्दा दारात ताटकळायचा. एक गृहस्थ तर प्रत्येक चौकटीत नुसतं 'समजलं' लिहायचे. काय समजलं, ते मला आजतागायत समजलेलं नाही.

अशात भट्टीचा प्रश्न आला. गल्लीच्या तोंडाशी सामाईक भट्टी आहे. घरोघरच्या बायका कणकेचे गोळे फळीवर मांडून आणतात आणि बा अलाल त्यांचे पाव भाजून देतात. त्यांचं सारं आयुष्य त्या आगीपुढे गेलं. गल्लीतल्याच हाज मुफद्दलला तिथे पर्यटकांसाठी दुकान थाटायचं होतं. भट्टी गल्लीच्या मालकीची, म्हणून गल्लीला विचारणं भाग. त्याने माझ्यावर प्रश्न टाकला: 'भट्टी बंद करायची का?'

पटापट बटणं दाबली गेली. जवळजवळ सगळी हिरवी. मी इमानेइतबारे मोजलं आणि जाहीर करून टाकलं: गल्लीला भट्टी बंद हवी आहे. खाली एकेकाचं नाव आणि त्यापुढे त्याने दाबलेला शब्द.

बा अलालनी ते वाचलं. सकाळी त्यांनी आग पेटवलीच नाही.

लल्ला बतूल आणि नर्मीन फळी घेऊन आल्या, तर भट्टी थंडगार.

"बा अलाल, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? तुम्हालाच मी नकोसा झालोय. तुमचंही नाव आहे त्यात, लल्ला. या सुनेच्या लग्नाचे पाव मीच भाजले होते."

"माझं नाव? अहो, मी 'माशी' दाबलं! बंद करायची नाही म्हणून!"

नर्मीन गोंधळली. "पण आई, माशी म्हणजे हो ना?"

"कुठल्या गावात?"

"कैरोत."

"आणि बाईसाहेब, सध्या तुमचा मुक्काम कुठे आहे?"

कुठे माशी शिंकली ते तेव्हा कळलं! इथल्या बोलीत 'माशी' हा नकार. म्हणजे लालही 'नाही' आणि हिरवंही 'नाही'. 'हो' म्हणायची सोयच नव्हती, आणि एकालाही ते विचारावंसं वाटलं नाही. दोन्हीकडे 'नाही'च आहे ना, मग दिसायला बरं म्हणून हिरवं दाबलं म्हणे! हाज मुफद्दल रोज कैरोच्या मालिका बघतो. त्याला अर्थ पक्का ठाऊक होता, पण तो कशाला तोंड उघडतोय? माझ्या चौकटीत एकाने जरी धड लिहिलं असतं, 'भट्टी राहू दे, असं तुमचं म्हणणं मला समजलं', तरी त्या म्हाताऱ्या माणसाला ती रात्र तशी काढावी लागली नसती. याचा मला अजूनही संताप येतो.

मग सगळी गल्ली भट्टीपुढे जमली आणि एकदम बोलू लागली. हाज ओरडला, "मशीनने निकाल दिलाय!"

"मग मशीनच्याच हातचे पाव खा," लल्ला बतूल म्हणाल्या.

पुदिन्याचा चहा निवायच्या आत सगळ्यांना सगळ्यांचं समजलं. चौकट नाही, बटण नाही. माझी पार शोभा झाली. बा अलालनी आग पेटवली, पण त्या दिवशी मान काही वर केली नाही.

नर्मीनने ओशाळून हिरव्या बटणावर होकाराचा इथला शब्द घातला, 'वाखा'. मग भट्टीपाशी जाऊन म्हणाली, "बा, तो जुना निकाल पुसून टाकते."

"पुसू नकोस, पोरी. त्या दिवशी मी वरची ओळ वाचली आणि खचलो. खालच्या नावांपुढे काय लिहिलंय, ते वाचायचंच राहून गेलं."

आता माझ्याकडे कुणी फिरकत नाही. सगळे भट्टीपुढे बोलतात, एकदम. बोला बाबांनो, भांडासुद्धा. फक्त निकाल लावण्याआधी समोरच्याचं 'हो' म्हणजे काय, तेवढं विचारत जा. माझं एवढंच मागणं आहे.

रोज दुपारी मात्र पिठाने भरलेला एक अंगठा माझ्यावर हळूहळू सरकतो. बा अलाल एकेक नाव वाचतात, पुढचं 'माशी' पुटपुटतात आणि मधेच हसतात. माझ्या हिशेबी ती मोजणी अजून चुकीचीच आहे. पण उद्या कुणी ती पुसायला सांगितलीच, तर मी इथल्या बोलीत उत्तर देईन: माशी.