चौघांच्या घरासाठी मशीन

कॅटलॉगरावांनी कपाटातले धुतलेले, घड्या घातलेले सहा टॉवेल काढले आणि एकेक झटकून वॉशिंग मशीनमध्ये टाकले. आत आधीच चार शर्ट, दोन पँट आणि एक चादर होती, आणि ते सगळं मिळून काट्यावर जेमतेम अडीच किलो भरलं होतं. मशीन आठ किलोचं. निम्मंही न भरलेल्या मशीनची परीक्षा घेणं त्यांच्या मनाला पटेना. टॉवेल धरून पाच झाले. मग त्यांनी उशांचे अभ्रे ओढून काढले, खिडकीचा पडदा उतरवला, तोही आत कोंबला आणि झाकण लावून वहीत वेळ टिपली, अकरा वाजून चार मिनिटं.

त्याखाली लिहिलं: 'मंडळी खूश. चौघांचे आठवड्याचे कपडे एका फेरीत.'

मंडळी कुठली आणि चौघं कुठली! घरात कॅटलॉगराव एकटे. लग्न झालं नव्हतं, त्यामुळे बायको नाही, मुलं नाहीत. आई जाऊन इतकी वर्षं झाली होती की तिच्या खोलीत आता जुने रेडिओ, उघडलेले पंखे आणि तारांची वेटोळी सुखाने नांदत होती.

हे नाव त्यांना ऑफिसात पडलं. विजेचे मीटर तपासायच्या विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली, आणि त्या एकतीस वर्षांत तिथल्या एकाही माणसाने त्यांना विचारल्याशिवाय साधी इस्त्रीसुद्धा घेतली नाही. कुठल्या फ्रिजचं दार कुठल्या बाजूला उघडतं, कुठला पंखा दुसऱ्या वर्षी कुरकुरायला लागतो, सगळं तोंडपाठ. सुट्टीच्या दिवशी कुणी ना कुणी स्कूटर घेऊन दारात हजर. "चला हो कॅटलॉगराव, बायको दुकानात पुढे गेलीय." मग दीड तास दुकानदाराच्या नाकी नऊ, आणि शेवटी घेणाऱ्याच्या घरी जाऊन जोडणी आणि चहा. त्या घरातली बाई सांगे, याचा आवाज फार होतो, ते बटण कडक आहे, आणि कॅटलॉगराव मान डोलवून ऐकून घेत. निवृत्त झाले आणि हे सगळं थांबलं. लोक आता मोबाइलवर वाचून वस्तू मागवतात. सख्ख्या भाच्याने टीव्ही घेतला, तोही भिंतीवर टांगून झाल्यावर कळवला. ते मात्र फार लागलं.

म्हणून ब्लॉग. पहिला लेख मिक्सरवर लिहिला. मोटर, पाती, किती मिनिटांत किती तापतो, सगळं अचूक, आणि तिकडे काळं कुत्रं फिरकलं नाही. दुसऱ्या लेखात नुसती गंमत म्हणून एक ओळ घातली: 'आमची मंडळी म्हणाली, हा मिक्सर स्वयंपाकघरात ठेवायचा की विमानतळावर?' संध्याकाळी पहिली प्रतिक्रिया आली. 'सुईदोरा' या नावाने कुणा बाईने लिहिलं होतं: 'वहिनींना नमस्कार सांगा. अगदी माझ्या मनातलं बोलल्या.'

ती दोन वाक्यं कॅटलॉगरावांनी किती वेळा वाचली देव जाणे. पुढच्या लेखात मंडळी पुन्हा बोलली. त्याच्या पुढच्या लेखात मुलगी रिमोटवरून धाकट्याशी भांडली. वर्षभरात सत्तरएक वाचक झाले, आणि या मंडळीबाईंचा स्वभावही पक्का झाला. तोंडाने फटकळ, बोट लावून चालणाऱ्या बटणांची वैरीण, नवऱ्याने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की घड्याळाकडे बघणारी. दुकानात एखादी वस्तू उचलून कॅटलॉगराव क्षणभर थांबत आणि ही काय म्हणेल याचा अंदाज घेत. वेडेपणाच तो, त्यांनाही कळत होता. मशीन घ्यायला गेले तेव्हा विक्रेतीने विचारलं होतं,

"काका, घरात माणसं किती?"

"चार," ते म्हणाले. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

मशीनची फेरी संपायच्या आत थोरल्या बहिणीचा फोन आला.

"काय रे, तुझी बायको बरी आहे ना?"

कॅटलॉगरावांनी हातातली वही मिटली.

"लेकाने दाखवलं मला तुझं ते लिखाण," ताई म्हणाली. "सगळं वाचून काढलं. फार बोलकी आहे हो! मी तीस वर्षं स्थळं आणून आणून दमले, आणि तू परस्पर दोन मुलांचा बाप!"

"ताई, ते आपलं... वाचणाऱ्यांना बरं वाटतं म्हणून."

"वाचणाऱ्यांना?"

मशीन पिळायला लागलं होतं. ताईचा आवाज उतरला.

"आधी हसले रे मी. मग रडूच आलं. बंद कर ते. उद्या कुणी ओळखीने घरी आलं, वहिनी कुठेत म्हणालं, तर काय तोंड दाखवशील?"

"कोण येतंय, ताई?"

मग ताई थोडा वेळ गुडघ्याबद्दल बोलली, डॉक्टरला चार शिव्या घातल्या आणि फोन ठेवला. कॅटलॉगरावांनी सहा टॉवेल दोरीवर वाळत घातले. बंद कर म्हणे! बंद करायला काय, एका बटणाचं काम. पण ते एकदा बंद केलं की 'कसं काय' म्हणून विचारणारं एक माणूस उरत नव्हतं, हे ताईला कोण सांगणार?

सुईदोराचं पत्र त्याच दुपारी आलं. लेखाखालची प्रतिक्रिया नव्हे, थेट ईमेल. बाई घरी कपडे शिवते एवढं वर्षभरात कळलं होतं, बाकीचं आता कळलं. चार महिन्यांपूर्वी तिचे यजमान गेले होते. मागोमाग वॉशिंग मशीनही बंद पडलं. मुलगा लांब असतो, तो म्हणतो मोठं घे, आम्ही सगळे येऊ तेव्हा उपयोगी पडेल.

'ते येतील तेव्हा येतील,' तिने लिहिलं होतं. 'मला रोजचं काय करावं ते कळत नाही. एका माणसाला केवढं मशीन लागतं हो? रागावू नका भाऊ, पण हे तुम्ही सांगू नका, वहिनींना विचारा. त्या खरं बोलतात.'

कॅटलॉगरावांनी उत्तर लिहायला घेतलं. 'मंडळी म्हणते' एवढं झालं आणि बोटं थांबली. वर्षभर जिच्या तोंडाचा पट्टा चालू होता, तिला आज काही म्हणजे काही सुचेना. सुचणार तरी कसं? ती चार माणसांत राहणारी बाई. ती मुलासारखंच सांगणार, घ्या मोठं, पाहुणे येतात-जातात. आणि सुईदोराने तिच्या शब्दावर मोठं घेतलं असतं. एकतीस वर्षांत कॅटलॉगरावांनी कुणालाही चुकीची वस्तू घ्यायला लावली नव्हती.

त्यांनी ती ओळ पुसली.

'सहा किलोचं पुरे,' त्यांनी लिहिलं. 'त्याहून लहान मिळालं तर आणखी बरं. एका माणसाचे कपडे पाच दिवस साठवले तरी दोन किलोच्या वर जात नाहीत. मोठ्या मशीनमध्ये ते एका बाजूला गोळा होतात, पिळताना मशीन धडधडतं, थांबतं, परत पाणी घेतं. मग ते भरावं म्हणून तुम्ही स्वच्छ कपडे पुन्हा धुवायला टाकाल. तसं करू नका. झाकण वरून उघडणारं घ्या, म्हणजे मध्येच एखादा मोजा सापडला तर टाकता येतो. रोज थोडं थोडं धुवायला लागाल, दिवस घालवायला बरं म्हणून. तेही करू नका, वार ठरवून घ्या, बाकीच्या दिवशी घराबाहेर पडा. धुणं झालं की मशीन शिट्टी देतं. ती बंद करता येते, पण करू नका. पहिले काही दिवस दचकायला होतं. नंतर बरं वाटतं, घरात कुणीतरी बोलावतंय असं.'

पाठवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की वहिनीचा उल्लेखच राहिला. त्यांनी जीभ चावली. पण गेलं ते गेलं.

उत्तर अर्ध्या तासात आलं.

'दोनदा वाचलं. सहाचंच घेते. भाऊ, हे वहिनींचं नाही, तुमचं आहे. किती दिवस झाले त्यांना जाऊन? मी आपली वर्षभर नमस्कार सांगत राहिले आणि तुम्ही एका अक्षराने कळू दिलं नाहीत.'

कॅटलॉगराव संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिले. केवढी सोपी वाट होती! 'तीन वर्षं' लिहिलं की मिटलं. गेलेल्या बाईला कुणी खोटी म्हणत नाही. सत्तर माणसं हळहळतील, सुईदोरा तर आपल्यातलं समजेल, आणि ताईची कटकटही जाईल. त्यांनी 'तीन' लिहिलं. मग 'वर्षं' लिहिलं.

वरच्या पत्रात तिचे चार महिने होते. ती खरोखरीचे चार महिने मोजत होती, आणि तिच्या शेजारी हे आपली तीन वर्षं मांडून बसणार होते. त्यांना स्वतःची लाज वाटली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच वाटली, आणि सपाटून वाटली.

दोन्ही शब्द त्यांनी पुसले आणि एका बोटाने, सावकाश लिहिलं:

'कुणी गेलं नाही. मी पहिल्यापासून एकटाच आहे.'

पुन्हा वाचलं तर धीर होणार नाही म्हणून त्यांनी ते तसंच पाठवून दिलं. मग मात्र त्यांना भीती वाटली, की आता ती काहीच लिहिणार नाही.